पेरायची भीती

अमरावती, १२ जानेवारी २०२५

ती. शकुनआत्यास सप्रेम जयभीम.

फोनच केला असता, पण तुला फोनवर धड ऐकू येत नाही. मग तू फोन शेजारच्या मायाकडे देतेस आणि माया माझं बोलणं गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात तुझ्या कानात सांगते. ही गोष्ट गल्लीत जायला नको आहे, म्हणून पत्र.

मला दिवस गेले आहेत. चौथा महिना चालू आहे. संघपाल आणि डॉक्टर मॅडम सोडून कुणाला सांगितलेलं नाही. अकोल्याला सासूबाईंनाही नाही. आई असती तर तिला सांगितलं असतं. तिच्या जागी तू आहेस.

मागच्या दोन वेळचं तुला माहीत आहे. पहिलं पाचव्या महिन्यात गेलं, दुसरं साडेपाचव्या. या वेळी मॅडमनी परवा पिशवीच्या तोंडाला टाका घातला. आता झोपून राहायचं, जिना नाही, जड उचलायचं नाही. राजापेठेतल्या क्लासवर मी आजारी आहे एवढंच कळवलंय. दहावीची मुलं परीक्षेच्या तोंडावर सोडली, त्याचंही वाईट वाटतं, पण ते वाटणं फार खालचं आहे. वर सगळी भीती आहे.

कशी सांगू? बाथरूममध्ये जाताना दिवा लावायच्या आधी मी थांबते. कपड्यावर काही दिसेल म्हणून. दिवसातून दहा-बारा वेळा तशी थांबते. दिवस मोजते. खिडकीखालून दिवसभर गाड्यांचा आवाज येतो, क्लासला जाणारी पोरं हसतात, आणि मला वाटतं की एवढ्या मोठ्या आवाजाने सुद्धा आत काहीतरी सुटेल. संघपाल ऑफिसला निघतो तेव्हा त्याला हाक मारून परत बोलवावंसं वाटतं. मारत नाही.

गॅलरीत सहा कुंड्या आहेत. मागच्या वेळेपासून रिकाम्याच. माती दगड झालीय. पलंगावरून त्या दिसतात, म्हणून पडदा ओढून घेते.

तू काही करू शकत नाहीस हे मला कळतं. फक्त कुणाला तरी माहीत असावं.

तुझी,
दीक्षा


तेल्हारा, १९ जानेवारी

दीक्षाले जयभीम अन् आशीर्वाद.

पत्र भेटलं. मायानं विचारलं, कोणाचं? म्या म्हटलं पेन्शनचं. झालं तिचं समाधान.

तुले भेव लागते यात नवल नाही. दोनदा भाजलेल्या माणसानं चुलीपाशी बिनधास्त जावं असं कोणी म्हणत असन तर त्याले भाजलेलं माहीत नाही. मी तुले ‘भिऊ नको’ असं सांगणार नाही. तीस वर्षं आरोग्य सेविका होती मी, बायांले भिऊ नको म्हणून कोणाचं भेव गेलेलं म्या पाहिलं नाही.

पण दोन कामं सांगतो, तेवढी करजो.

एक. दर तपासणीले बीपी किती निघते ते मले पत्रात लिहून पाठवजो. वरचा अन् खालचा, दोन्ही आकडे. काहून ते विचारू नको. जुनी सवय आहे.

दुसरं. या पाकिटात कागदाच्या पुडीत चवळीच्या दहा बिया आहेत, माझ्या आंगणातल्या. कुंडीतली माती जवाईबापूंकडून फोडून घेजो, त्यात शेणखत टाकाले सांगजो. कुंडी स्टुलावर ठेवाले लावजो. तू खुर्चीत बसून नुसतं बोटानं भोक पाडजो अन् बी टाकजो. वाकाचं नाही, उचलाचं नाही. थंडी कमी झाली की टाक.

दिवसभर छताकडे पाहून राहिली तर डोकं तुले खाऊन टाकीन. त्याले काहीतरी काम पायजे.

पडदा उघडजो.

तुझी आत्या,
शकुन


अमरावती, २ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

बीपी ११० आणि ७०. मॅडम म्हणाल्या छान आहे. टाकाही नीट आहे.

माती फोडून झाली. संघपालने रविवारी फरशीवर पेपर अंथरून सगळ्या कुंड्या रिकाम्या केल्या, शेणखत मिसळून परत भरल्या. तीन स्टुलांवर तीन कुंड्या उभ्या आहेत. पडदा उघडा आहे.

पण बी टाकलेलं नाही. आठ दिवसांपासून पुडी हातात घेते आणि परत कपाटात साड्यांखाली ठेवते.

तू हसशील, मी गणित शिकवते, मला हे शोभत नाही. मागच्या वेळी मी टमाटरची रोपं लावली होती. मंगळवारी त्यांची पानं आकसायला लागली. मी संघपालला म्हटलंही, ही जगत नाहीत बहुतेक. शुक्रवारी आम्ही दवाखान्यात होतो. परत आलो तेव्हा सहाही रोपं आडवी झाली होती. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही हे मला कळतं. माझ्या पोटाला ते कळत नाही.

आता हे बी टाकलं आणि उगवलं नाही तर मी काय करू? जे अजून माहीत नाही ते मी कुंडीला विचारल्यासारखं होईल, आणि कुंडी नाही म्हणेल. म्हणून विचारतच नाही.

बाकी बरं आहे. म्हणजे काही झालेलं नाही.

तुझी,
दीक्षा


तेल्हारा, ९ फेब्रुवारी

दीक्षा,

हसली नाही मी.

पण एक सांगतो. दहा बिया टाकल्या तर सात उगवतात. तीन नाही उगवत. त्या तीन मातीत सडतात, मुंग्या नेतात, काही तर काहून गेल्या ते देवालेही सांगता येत नाही अन् आपल्यात तर देव नाही. हे दर वर्षी होते. माझ्या आंगणात होते, शेतात होते. त्याच्यानं कोणाच्या घरचं काही बरंवाईट होत नाही. चवळी चवळी आहे. तुझं लेकरू तुझं लेकरू आहे. चवळीले तुझ्या पोटाची काही खबर नाही.

तू विचारलं नाही, तरी सांगतो. मले हा बागेचा नाद मेळघाटात नोकरीवर असताना लागला. चिखलदऱ्याच्या पलीकडं उपकेंद्र होतं, तठी भाजी भेटत नव्हती. म्हणून मागच्या जागेत वांगे लावले, मंग पालक, मंग काय काय. तवापासून सुटला नाही. हात मातीत असले की डोकं गप बसते एवढं मले कळलं. जास्त काही कळलं नाही.

सगळ्या दहा एकदम टाकजो. मोजू नको.

अन् बीपी छान आहे. असंच लिहीत जाजो.

शकुन


अमरावती, ५ मार्च

प्रिय आत्या,

बीपी ११६/७६.

टाकल्या बिया. बारा तारखेला सकाळी, डोळे मिटून. मोजायचं नाही म्हणालीस पण मोजल्या. सहाव्या दिवशी माती वर उचलली गेली आणि त्यातून एक वाकलेली मान निघाली. मी खुर्चीत तशीच बसून राहिले. संध्याकाळपर्यंत चार आणि दोन दिवसांत सात. तू म्हणालीस तेवढ्याच.

मग दहा-बारा दिवस मला फार चांगले गेले. ते लिहून ठेवते, कारण नंतर खोटं वाटेल. सकाळी सहाला उठून मी गॅलरीत बसते. रस्ता रिकामा असतो, चहाटपरीवाला नुकता शटर उघडत असतो. मगमध्ये पाणी घेऊन प्रत्येक कुंडीला थोडं थोडं घालते, मातीचा वास येतो. पानाखाली कीड आहे का बघते. अर्धा तास जातो आणि मग लक्षात येतं की या अर्ध्या तासात मी दिवस मोजला नाही, कपडे तपासले नाहीत. आत बाळ हललेलंही तिथेच पहिल्यांदा कळलं.

रविवारी सकाळी गेले तर चार रोपं पडलेली. बुडाशी मऊ, काळी. आदल्या दिवशी टवटवीत होती. आत्या, हा बाविसावा आठवडा आहे. मागच्या वेळी हाच होता.

मी पलंगावर येऊन पडले. दुपारपर्यंत बाळ हललं नाही. गूळ खाल्ला, कुशीवर झोपले, पाणी प्यायले. नाहीच. संघपाल मला उचलून जिना उतरला, दोन मजले, आणि रिक्षात बसून आम्ही दवाखान्यात गेलो. वाटेत त्याच्या शर्टाच्या बाहीला मी एवढं धरलं होतं की बटण माझ्या हातात आलं. मॅडमनी यंत्र लावलं. ठोके ऐकू आले. बाळ झोपलं होतं म्हणे.

आता तीन रोपं आहेत. मी त्यांच्याकडे बघत नाही. संघपाल पाणी घालतो.

दीक्षा


तेल्हारा, ११ मार्च

दीक्षा,

पाणी जास्त झालं. एवढंच झालं. रोज सकाळी अर्धा तास जीव लावून पाणी घालशील तर चवळीचं बूड सडणारच. माती वरून कोरडी दिसली तरी बोट घालून पाहाचं, आत ओल असन तर त्या दिवशी घालाचं नाही.

बाळ झोपते. तुझ्याबी पोटात झोपते. तरी हललं नाही असं वाटलं की तू जे केलं तेच करजो, लगेच दवाखाना. तिथं कोणी हसलं तर हसू देजो.

उरलेल्या तीनले दोरी बांध. वेल चढाले लागन आता. संघपाल नको, तू बांध.

आत्या


अमरावती, १५ एप्रिल

प्रिय आत्या, जयभीम, आणि कालच्या जयंतीच्या शुभेच्छा.

बीपी १२४/८०. सातवा महिना.

काल मिरवणुकीला गेले नाही, असं जन्मात पहिल्यांदा झालं. संघपाललाही मी हट्टाने पाठवलं. गॅलरीत खुर्ची टाकून बसले. ढोल लांबून ऐकू येत होते, खालून पांढऱ्या साड्यांतल्या बायका पोरांना घेऊन इर्विन चौकाकडे निघाल्या होत्या. बाळ आतून लाथा मारत होतं, ढोलाच्या तालावर नव्हे, भलत्याच. मी हसले. एकटीच.

वेल गजावर वरपर्यंत चढलेत. संघपालने हिरवी जाळी बांधलीय कारण ऊन आतापासूनच बेचाळीसच्या वर आहे. त्याने एक मोगराही आणलाय, न विचारता. आठवड्यापूर्वी चवळीला शेंगा लागल्या. पहिल्यांदा निघाल्या सहा. सहा शेंगांची भाजी होत नाही, पण मी एक बटाटा घालून केली आणि आम्ही दोघांनी चाटूनपुसून खाल्ली. संघपालने आणलेल्या आणखी दहा बिया लावल्या आहेत.

सासूबाईंना सांगितलं. त्या फोनवर रडल्या आणि मग अकोल्याहून लोणचं पाठवलं.

मी चांगली आहे, आत्या.  वाटतं, चांगली आहे असं लिहिलं की कुणीतरी ऐकेल.

तुझी,
दीक्षा


तेल्हारा, २२ एप्रिल

दीक्षा,

कोणी ऐकत नाही. लिहीत जा.

शेंगा कवळ्या असतानाच तोडजो, म्हणजे अजून येतात.

बीपी फेब्रुवारीपासून हळूहळू वर सरकून राहिला. वाईट नाही, पण मॅडमले दाखवजो. पाय सुजतात काय ते लिही. पुढच्या तपासणीचा आकडा लगेच कळव, मोठं पत्र नाही लिहिलं तरी चालीन.

आत्या


अमरावती, ८ मे

प्रिय आत्या,

उशीर झाला. उन्हाने काही करवत नाही. पारा पंचेचाळीसवर आहे, कूलर दिवसभर चालू, नळ एक दिवसाआड. आंघोळीचं पाणी बादलीत साठवून मी झाडांना घालते.

पण बाग बघायला हवी होतीस. मी तिला बागच म्हणते आता. वेलांनी जाळी भरून टाकली आहे, खालून बघितलं तर आमची गॅलरी दिसत नाही, नुसतं हिरवं. मोगऱ्याला परवा तीन कळ्या होत्या, आज अकरा. सकाळी मी पाणी घालायला उभी राहिले आणि मान वर केली तर मोगऱ्याभोवती सगळीकडे चमचम. काजवे उडावेत तशी, भर उजेडात. आधी वाटलं पाण्याचे थेंब आहेत. डोळे चोळले तरी होती, मग गेली. काल संध्याकाळीही झालं. ऊन फार आहे ना, पानांवरून डोळ्यांवर येतं. पण दिसायला इतकं सुंदर होतं की मी संघपालला हाक मारणार होते.

उन्हाने डोकं मात्र दुखतं. परवापासून थांबलंच नाही. बर्फाची पट्टी ठेवते. आणि सासूबाईंच्या लोणच्याने बरगड्यांखाली जळजळ होते, उजवीकडे, पण लोणचं काही सोडवत नाही. अंगठी काल साबण लावून काढावी लागली, बोटं भाकरीसारखी फुगली आहेत. संघपालच्या चपला घालून घरात फिरते. तो हसतो.

तपासणी एक तारखेला होती, सुट्टी आली. आता पंधराला जाईन. खरं सांगू? जायला नको वाटतं. तिथे गेलं की कुणीतरी काहीतरी सांगतं. इथे गॅलरीत बसलं की सगळं ठीक असतं. एवढे आठ महिने मला असं कधी वाटलं नव्हतं, मग ते एक आठवडा जास्त वाटू द्यावं असं ठरवलं.

सोमवारी बुद्धपौर्णिमा. खीर करणार आहे. तू असतीस तर.

तुझी,
दीक्षा


अमरावती, २२ जून

ती. शकुनआत्यास जयभीम.

बुधवारी तिला घरी आणलं. पस्तीस दिवस दवाखान्यातच होती. एक किलो चारशे तीस होती, आता दोन किलो ऐंशी. डोळ्यांची तपासणी झाली, ठीक आहे म्हणाले, पंधरा दिवसांनी परत दाखवायची. दूध ओढते. थकते, झोपते, परत ओढते. मी तिच्या छातीकडे बघत बसते, वर जाते का, खाली येते का.

तू आठ तारखेला गेलीस तेव्हा आपलं नीट बोलणंच झालं नाही. दवाखान्यात मी तुला काही विचारण्याच्या अवस्थेत नव्हते. आता विचारते.

तेरा मेचं मला संघपालने नंतर सांगितलं. पौर्णिमेच्या सुट्टीमुळे माझं पत्र तुला मंगळवारी मिळालं. साडेअकराला त्याच्या ऑफिसात मायाचा फोन आला. त्याला आधी वाटलं तुलाच काही झालं. माया ओरडत होती: आत्या म्हणतात, आत्ताच्या आत्ता घरी जा अन् दीक्षाले दवाखान्यात न्या, तिले विचारत बसू नका. मागून तुझा आवाज येत होता, म्हणे, तू एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतीस.

तो आला तेव्हा मी खुर्चीत होते, डोक्यावर ओला टॉवेल. मी म्हटलं, ऊन उतरल्यावर जाऊ, चहा घे. त्याने मला कधी ओढून नेलेलं नाही. त्या दिवशी नेलं. दवाखान्यात बीपी एकशे ऐंशी आणि एकशे वीस होता. नर्सने दोनदा लावून पाहिला. मग सगळे पळायला लागले. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं, त्याने अंग आतून भाजल्यासारखं झालं. संध्याकाळी डोळे उघडले तर तू उशाशी उभी होतीस, अकोट-दर्यापूर करत तीन बसा बदलून आलेली, पदरात माझं पत्र घट्ट धरून. दुसऱ्या दिवशी दुपारी सिझर झालं. मॅडम नंतर म्हणाल्या, पंधरा तारखेची वाट पाहिली असती तर कदाचित दोघीही नसतो.

एक कबूल करायचं आहे. चोवीस एप्रिलच्या तपासणीला बीपी १३८/८८ होता. मॅडमनी आठवड्याने बोलावलं होतं. ते मी तुला लिहिलं नाही, संघपाललाही सांगितलं नाही. मला वाटलं, लिहिलं नाही तर नसेल.

घरी आले तेव्हा गॅलरीत गेले. एवढ्या दिवसांत झाडं कुणाच्या लक्षात नव्हती. जाळीवर नुसत्या सुतळ्या राहिल्यात, मोगऱ्याच्या काटक्या. एकही पान नाही. ज्या गोष्टीला मी जानेवारीपासून भीत होते ती समोर होती, सगळीच्या सगळी मेलेली. आणि आत पलंगावर ती शिंकली. मी धावत गेले. बरी होती. मी तिथेच जमिनीवर बसून रडले, किती वेळ ते माहीत नाही.

आता दोन प्रश्न. मी पत्रात मोगरा लिहिला होता, त्यात तुला हे कसं दिसलं? आणि तू जवळजवळ महिनाभर रोज दवाखान्यात होतीस, पण बाळांच्या खोलीत एकदाही आली नाहीस. काचेच्या बाहेर उभी राहायचीस. नर्सने तुझ्या हातात द्यायला म्हणून बोलावलं तेव्हा तू हात मागे घेतलेस. मी पाहिलं. ते थरथरत होते. काही दुखतं का तुला? माझ्यापासून लपवू नको. लपवल्याने काय होतं ते आता मला माहीत आहे.

तुझी,
दीक्षा


तेल्हारा, २९ जून

दीक्षा,

चार दिवस झाले, कागद समोर घेऊन बसून राहिली. आता लिहितो.

मले काही दुखत नाही.

म्या तुले लिहिलं होतं का मेळघाटात भाजी भेटत नव्हती म्हणून बाग लावली. ते खोटं आहे. भाजी भेटत होती, बाजार भरत होता.

चौऱ्याण्णव साली मी बत्तीस वर्षांची होती. उपकेंद्रात एकटी. तठी सुगरती नावाची बाई होती, कोरकू, एकोणीस-वीस वर्षांची, पहिलटकरीण. आठवा महिना. एप्रिलच्या दुपारी पायी चालत आली, चांगली दीड कोस. मले म्हणे, बाई, डोकं दुखते अन् डोळ्यापुढं काजवे चमकतात. हसत होती सांगताना. तिले ते मजेचं वाटलं होतं. उपकेंद्रातली बीपीची मशीन महिन्यापासून बिघडली होती. म्या म्हटलं, ऊन लागलं तुले, ताक पी अन् सावलीत पडून राहा. तिनं माझं ऐकलं. तिसऱ्या दिवशी झटके येऊन गेली. लेकरू पोटातच.

पायाची सूज म्या पाहिली होती, दीक्षा. पाहिली अन् चालून आली म्हणून असन असं म्हटलं. शिकलेलं होतं मले हे सगळं. परीक्षेत लिहिलं होतं.

कोणी मले काही म्हटलं नाही. तिच्या नवऱ्यानंही नाही. तो तर आठ दिवसानं मले मोहाची फुलं घेऊन आला, बाईनं लय केलं म्हणून. त्या दिवसापासून हात थरथराले लागले. सुई धरवत नव्हती.  तवा मी उपकेंद्रामागं जाऊन जमीन खोदाले लागली. काही लावाचं म्हणून नाही. कुदळ घट्ट धरली का हात थरथरत नाही, म्हणून. अर्धा तास खोदाचं अन् मंग आत येऊन बाया तपासाच्या. खोदून खोदून वावर झालं, मंग त्यात वांगे लावले. अशी ती बाग.

लोक म्हणतात शकुनबाईले मोठी शांती आहे, झाडांत राहते. शांती नाही ती. पण त्या मातीच्या भरवशावर मी पुढं चोवीस वर्षं नोकरी केली, अन् एकाही बाईले बीपी घेतल्याशिवाय घरी पाठवलं नाही. मशीन बिघडली तर दुसऱ्या गावाहून आणली.

तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवसापासून मी भेत होती. तुले धीर देत होती अन् इकडं पाचपाचदा तुझे आकडे वाचत होती. आठ मेच्या पत्रात आकडा नव्हता. मंग काजवे आले. तशीच मायाच्या आंगणात गेली अन् तिले फोन लावाले लावला.

तुझ्या पोरीले हातात घेतलं नाही कारण ते हात मले भरवशाचे वाटले नाही. बस एवढंच.

एक अजून. तुझ्या मनात येईन, म्हणून आधीच सांगतो. सुगरतीचं नाव पोरीले ठेवू नको. तिचं तिच्यापाशी राहू दे. तुझ्या पोरीले तिचं स्वतःचं ठेव.

शकुन


अमरावती, ६ जुलै

प्रिय आत्या,

पत्र दोनदा वाचलं. संघपालला दाखवलेलं नाही, तू सांगशील तर दाखवीन.

तुला धीर द्यायला मला काही येत नाही. तू सुगरतीला जे सांगितलंस ते मी बदलू शकत नाही. पण मी तुला एवढं सांगू शकते की जिला आज सकाळी मी आंघोळ घातली ती तुझ्या भेण्यामुळे इथे आहे.

वीस तारखेला नाव ठेवतोय. घरचेच लोक. अकोल्याहून सासूबाई येतील. तू शनिवारीच ये. बाळ तुझ्याच मांडीवर असेल. हात थरथरले तर मी खालून धरीन, मलाही अजून सवय नाही, माझेही थरथरतात.

भीती आहेच. रात्र-दिवस तिचा श्वास ऐकते. संघपाल म्हणतो ही पुढची वीस वर्षं चालणार.

काल सकाळी ती दूध पिऊन झोपल्यावर गॅलरीत गेले. वाळलेलं सगळं उपटून टाकलं, माती उकरली आणि एका कुंडीत मेथी पेरली. मोजली नाही, मूठभर टाकली. उगवली तर तू येशील तेव्हा भाजी करू. नाही उगवली तर संघपाल बाजारातून आणेल.

तुझी,
दीक्षा